तिसरी रेघ

धुळ्यात ज्ञानचंद शेठचं कापडाचं दुकान होतं आणि डोक्यात जुन्या नाण्यांचं खूळ होतं. खूळ तसं निरुपद्रवी. होळकरांचा पैसा, मोगलांचा रुपया, कंपनी सरकारचा पाव आणा, हाती पडेल ते बिस्किटांच्या डब्यात जायचं. अडुसष्ट सालापर्यंत असे सात डबे भरले, आणि त्यातल्या एकाही नाण्याबद्दल शेठना दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती.

टोचलं ते जळगावच्या मुख्तारने. मुख्तार भंगाराचा व्यापारी. मोडीत आलेली नाणी बाजूला काढून तो शेठना विकायचा. एकदा दुकानात येऊन त्याने ते सात डबे पाहिले आणि खो खो हसला.

"सेठ, सगळं गोळा करणारा मी. म्हणून लोक मला भंगारवाला म्हणतात. शौकीन आदमीनं एकच काहीतरी धरावं."

शब्द वर्मी लागला. काय धरावं याचा शेठनी चार महिने विचार केला. सोयरिकीला लागला नसेल एवढा वेळ त्यात गेला. मोगल धरावेत तर त्यावर मुंबईचे धनवान आधीच टपलेले. तांबं धरावं तर ते वाचता येईना. शेवटी त्यांनी जुन्या क्षत्रप राजांची नखाएवढी चांदीची नाणी धरली, आणि त्यातही एकच राजा, दुसरा रुद्रसेन. नाण्यावर मिशाळ राजाचं तोंड, तोंडामागे शक वर्ष. दर वर्षाचं एक नाणं मिळवायचं, बस्स.

सातही डबे त्यांनी विकून टाकले. माणूस खरंच बदलला. भिंग डोळ्याला लावून आकडे वाचायला शिकला. शंभराची खूण, नव्वदाची खूण, पुढे आडव्या रेघा. दोन रेघा म्हणजे दोन, तीन रेघा म्हणजे तीन. पाच वर्षांत राजाची सगळी वर्षं जमली. एकशे ब्याण्णवची तर तीन-तीन झाली. एकशे त्र्याण्णव तेवढं मिळेना. मखमलीच्या पेटीत एकच खळगा रिकामा राहिला आणि त्या खळग्याने शेठचं जेवण गोड लागेनासं केलं.

मग मुख्तारनेच बातमी आणली. सोनगीरला भिकुबाई नावाची एक बाई आहे, मजुरी करते, आणि देवघरात चांदीच्या एका बारक्या चकतीची पूजा करते. चकतीवर मिशाळ माणूस आहे.

शेठ दुसऱ्याच दिवशी सोनगीरला पोचले. ताडून बघायला म्हणून एकशे ब्याण्णवचं एक जादा नाणं त्यांनी खिशात घेतलं होतं. ताडून बघायलाच, असं आपण म्हणू.

घर म्हणजे एक खोली, कोपऱ्यात देवाचा पाट. भिकुबाईने ओंजळीत धरून चकती दाखवली. रोजच्या हळदकुंकवाची तिच्यावर धुऊनही न निघणारी पुटं चढली होती.

"हाऊ मन्हा पोऱ्या शे, भाऊ, अभिमन. इहिरमा बुडना. तेरावं झायं आनि वावरमा गवत निंदता निंदता हाऊ माले मातीमा सापडना. मिशी देखा, त्यानीच शे."

अकाली गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवात बसवायची रीत आहे. सोनाराकडे जायची भिकुबाईची ऐपत नव्हती, तर लेक स्वतःच टाक होऊन आला, असं तिने धरलं. सतराशे वर्षांपूर्वीच्या राजाला ती नऊ वर्षं रोज आंघोळ घालत होती. हसायचं त्याने हसावं. शेठ हसले नाहीत. ते राजाच्या डोक्यामागे बघत होते. शंभराची खूण. नव्वदाची खूण. एक, दोन, तीन रेघा.

"अक्का, शंभर रुपये देतो. दोनशे देतो."

"पोऱ्याले कोनी इकस का, भाऊ?" ती रागावली नाही. "बसा, च्या करस."

चकती पाटावर ठेवून ती चुलीकडे वळली. तिची पाठ होती तेवढ्यात शेठनी आपलं नाणं कुंकवाच्या करंड्यात दाबलं, पाटावर ठेवलं आणि तिचं खिशात टाकलं. तोच राजा, तीच मिशी, बाईला काय कळतंय! चहा त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि गूळ चांगला आहे म्हणाले.

घरी येऊन त्यांनी नाणं लिंबाच्या पाण्यात टाकलं. पुटं सुटली, पाणी लाल झालं. शेठनी भिंग लावलं. शंभराची खूण होती, नव्वदाची होती, दोन रेघा होत्या. तिसरी रेघ पाण्यात गेली होती. ती कुंकवाची होती.

म्हणजे एकशे ब्याण्णवच्या बदल्यात त्यांनी एकशे ब्याण्णव चोरलं होतं.

मनाची समजूत घालायला हे चांगलं होतं. तेही तेच, हेही तेच, नुकसान कुणाचं? पण समजूत पटेना. ज्याने आयुष्यात गिऱ्हाइकाला बोटभर कापड कमी मोजलं नाही, त्याला आरशात बघवेना. पंधरा दिवसांनी तिचं नाणं खिशात घालून ते सोनगीरला गेले. चहा होईस्तोवर बदलून टाकू, एवढाच बेत होता.

पाटावर नाणंच नव्हतं. भिकुबाई निम्मी झाली होती.

"भाऊ, तो गया. तुम्ही येवाना दुसरा दिनले सकाये धोवाले लिधा, तं तोंडच बदली गयेल. परका मानूसनागत देखे माले. मी रोज हात फिरावस, माले समजस ना! आठ दिन उपास कया. मंग तापीमा सोडी दिधा."

शेठचा हात खिशात होता. नाणं मुठीत होतं. उघडली असती मूठ तर पोरगा परत आला असता, आणि ज्ञानचंद शेठ चोर ठरले असते.

"तुम्हीबी त्या दिन त्याले देखा व्हता," भिकुबाई म्हणाली. "खरं सांगा, भाऊ. मन्हावर रागे भरेल दिखना का?"

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला दुसरं कुणी विचारायला नव्हतं.

"हो, अक्का," शेठ म्हणाले. "जरा रागावल्यासारखा वाटला खरा."

भिकुबाईने मान हलवली. "मंग मन्हंच काही चुकनं," असं म्हणून ती त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली.