मंगळवारचं पाणी

आमच्या ड्रमकीरा गावातली माणसं कशावरही भांडू शकतात. ती एकदाच एक झाली, आणि तीही डर्व्हला हॅनरॅटी नावाच्या बाईला फसवायला.

डर्व्हला ही कौंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याने, पाठवलेली इंजिनियर. आमच्या गावाची सगळी पाइपलाइन तिने संगणकात बसवली होती. तळ्याकाठच्या पंपघरात पाण्यात क्लोरीन पडतो, तो शेवटच्या घरापर्यंत जाता जाता किती मरतो याचं गणित ती मांडत होती. पाणी पाइपात जितकं शिळं होईल तितका क्लोरीन कमी. त्यात आमचं पाणी दलदलीतून आलेलं, मुळातच चहाच्या रंगाचं. ते क्लोरीन भराभर खातं.

दलदलीच्या रस्त्यावरचं शेवटचं घर मॅलकी गॅफनीचं. आमची पाणीयोजना गावाची गावानेच चालवलेली, आणि मॅलकी तिच्या समितीचा अध्यक्ष. त्याच्या नळाला क्लोरीन कमी भरला, तर पंपघरातला डोस वाढणार होता.

"डोस वाढला म्हणजे चहा मेला," माझ्या दुकानातल्या काउंटरवर हात आपटून मॅलकी म्हणाला. "पोहण्याच्या तलावात टी-बॅग बुडवून प्यायची का आपण, अट्रॅक्टा?"

"तुझ्या जिभेला कळणार आहे का तेवढं?"

"माझ्या जिभेला? अगं, क्लोरीन चिमूटभर वाढला तरी मला झोपेत कळेल!"

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या फाटकापाशी कुजबुज झाली आणि बेत ठरला. डर्व्हला नमुने घ्यायला मंगळवारी येते. पाहुणी यायच्या आधी आपण घर आवरतोच, मग पाणी आवरलं तर काय बिघडलं? सगळ्यांनी सकाळपासून नळ सोडायचे, म्हणजे शिळं पाणी निघून जाईल आणि मॅलकीच्या नळाला पंपघरातलं ताजं पाणी येईल. यात लबाडी आहे असं कुणालाही वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

मग काय विचारता! दर मंगळवारी किलब्राइडबाई त्याच त्या स्वच्छ पडद्यांना पुन्हा धुवायच्या. पाद्रीबाबा आपल्या शिकारी कुत्रीला आंघोळ घालायचे, आणि ती बिचारी मोटारीचा आवाज ऐकला की आपणहून टबात जाऊन बसायला लागली. मी दुकानाची फरशी इतकी धुतली की गिऱ्हाइकं घसरायला लागली.

डर्व्हला मॅलकीच्या नळाचं पाणी छोट्या काचेच्या नळीत घ्यायची आणि त्यात एक गोळी टाकायची. क्लोरीन असला की पाणी गुलाबी होतं. ते असं झकास गुलाबी व्हायचं की ती नळी उजेडात धरून बघतच राहायची.

"कमाल आहे तुमच्या पाण्याची," शेवटी एकदा ती म्हणाली. "माझ्या गणिताप्रमाणे डोस कमी केला तरी चालेल. तशी शिफारस करते मी."

त्या दिवसापासून मॅलकीचे पाय जमिनीला लागेनात. ज्याच्या त्याच्या घरी जायचा, घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आत्ता कसा चहा लागतोय!"

आणि मग बॉस्टनहून फोन आला. त्याची मुलगी रोशीन बाळाला घेऊन येणार होती. बारसं आमच्याच चर्चमध्ये. पोर अजून पाळण्यातलं, मॅलकीचं पहिलंच नातवंड.

दुकानात कुणी नाही असं बघून तो आत आला. तोंड पार उतरलेलं.

"आता डोस कमी झालाय. मंगळवार सोडला तर माझ्या नळाला काय येत असेल, अट्रॅक्टा? नुसतं तळं!"

"मग डर्व्हलाला सांगून टाक."

"आणि सगळ्या गावाला तोंडघशी पाडू?"

"बरं, पाणी उकळून घ्या म्हण रोशीनला."

"अध्यक्षाच्या घरचं पाणी उकळून? तिला काय कारण सांगू?" तो थांबला. मग हळूच म्हणाला, "बाळाला काही झालं तर गं?"

एरवी मी त्याला सोडला नसता. पण त्या दिवशी मी त्याला बसायला स्टूल पुढे केलं.

त्याने त्याच्या परीने तोड काढली. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरावरून जात होते, पाऊस मी म्हणत होता, आणि हा बहाद्दर एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात रबरी नळी घेऊन कोबीला पाणी घालत होता.

"मॅलकी, पाऊस पडतोय."

"वरचं पाणी कोबीला मानवत नाही."

"आणि हे कधीपर्यंत चालणार?"

"बारसं होईपर्यंत. पाणी हलतं राहिलं पाहिजे."

तेवढ्यात डर्व्हलाची मोटार आली. ती उतरली, तिने कोबीकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. मॅलकीने तोंड उघडलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. चर्चचं फाटक, पडदे, कुत्री, आणि शेवटी बाळ.

"माहीत आहे मला," डर्व्हला म्हणाली. "पंपघरात मीटर आहे. दर मंगळवारी सकाळी तुमचं गाव डब्लिनएवढं पाणी पितं, आणि बाकीचे दिवस चिमणीएवढं. शिफारस लिहायला बसले तेव्हा ते दिसलं. मग मंगळवार वगळून गणित पुन्हा मांडलं."

"म्हणजे डोस कमी केलाच नाहीस?"

"वाढवला. लगेच त्याच आठवड्यात. तुमच्यापैकी कुणी काही बोलतंय का, याची वाट बघत होते."

मॅलकीच्या हातातली नळी त्याच्याच बुटात पाणी सोडत होती. मी मात्र फाटकाला धरून हसत सुटले. "आत्ता कसा चहा लागतोय!" एवढंच मला बोलता आलं.

"आता नळ बंद करा," डर्व्हला त्याला म्हणाली. "रात्रभर पाणी शिळं होऊ द्या. उद्या सकाळी बघू."

सकाळी मीही गेले, मला राहवेना. मॅलकी झोपलेला दिसत नव्हता. डर्व्हलाने पाणी घेतलं, गोळी टाकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग रंग चढला. फिकाच, पण गुलाबी.

"बाळाला चालेल हे?"

"चालेल."

तो पायरीवर मटकन बसला आणि दलदलीकडे तोंड करून नाक पुसत राहिला.

मग तो उठला. "पोरी, चहा घेणार?" ती दोनदा नको म्हणाली, तिसऱ्यांदा हो म्हणाली, रीतीप्रमाणे. त्याने चहा आणला, स्वतः घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"क्लोरीन लागतोय," तो म्हणाला, आणि तो कप संपवून त्याने दुसरा ओतून घेतला.