गुरुवारच्या चर्चेचा टेबल

मी एक जुना टेबल आहे, मित्रांनो. पिंपरीतल्या एका कॉलेजात, राज्यशास्त्र विभागाच्या जिन्याशेजारच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझ्यावर तीन पीएचडी पार पडल्या आणि चहाचे कप किती सांडले त्याची गणती नाही, म्हणून चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

माझं लाकूड परदेशातून आलं, पण त्यात तोरा मिरवण्यासारखं काही नाही. महाळुंग्याच्या एका कंपनीत मोठं यंत्र आलं, त्याच्या पेटीच्या त्या फळ्या. तिथे पॅकिंगमध्ये कंत्राटावर असलेल्या ज्ञानदेवांनी त्या साहेबांना विचारून घरी नेल्या आणि संत तुकाराम नगरातल्या आपल्या घरासमोर, लेकीच्या अभ्यासासाठी, मला घडवलं. काम असं सफाईदार की एक खिळा वाकडा नाही. फक्त दाराचं माप घ्यायचं राहून गेलं. मला आडवं-तिरपं करून कसंबसं आत घेतलं, तेव्हा घरात टेबल राहील किंवा माणसं राहतील, अशी वेळ आली. श्रद्धाची, म्हणजे त्यांच्या लेकीची, हसून हसून पुरेवाट झाली. पुढे ती एम.ए.ला गेली आणि मला विभागाला देऊन मोकळी झाली.

इथे मला मान मिळाला. दर गुरुवारी माझ्याभोवती चर्चा बसते. कुणीतरी आपल्या प्रबंधाचं प्रकरण आणतो, बाकीचे त्याची सालं काढतात. मुलांचे मार्गदर्शक मधुसूदन सर, त्यांचा एक कडक नियम आहे: ज्याचं लेखन असेल त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कितीतरी हुशार मुलं माझ्या कडा घट्ट धरून गप्प बसलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या नखांच्या खुणा अजून आहेत.

एका गुरुवारी पाळी श्रद्धाची होती; ती आता इथेच पीएचडी करत होती. तिचा विषय कंत्राटी कामगार आणि राजकारण. हेच प्रकरण दोनदा परत आलं होतं. तिसऱ्यांदा आलं तर पीएचडी सोडून नोकरी धरायची, असं तिने शार्दूलला, तिच्या सोबतच्या विद्यार्थ्याला, माझ्यापाशीच बसून सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण टेबल काय करणार, उभा राहणार.

आणि मी धड उभाही नव्हतो. माझा एक पाय खिळखिळा झाला होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून ज्ञानदेव पिशवीत हत्यारं घेऊन आले, "तुमचं चालू द्या" म्हणाले आणि माझ्याखाली शिरले. दहा मिनिटांत सगळे त्यांना विसरले.

शार्दूलने सुरुवात केली. "श्रद्धाने ऐंशी कामगारांना विचारलंय. मोर्चाला गेलात का, सभेला गेलात का, युनियनचे सभासद आहात का. एकाहत्तर जण नाही म्हणाले. म्हणजे हे लोक राजकारणापासून लांब राहतात, हे सिद्धच झालं की."

"सिद्ध झालं, पण कळलं काय?" मधुसूदन सर म्हणाले. "ते लांब का राहतात? हे प्रकरण मला तिसऱ्यांदा परत द्यावं लागेल, श्रद्धा."

श्रद्धाने माझी कड घट्ट धरली. नियमाप्रमाणे ती बोलू शकत नव्हती.

"सर, मधीच बोलतो, माफ करा," खालून आवाज आला.

सर वाकून खाली बघू लागले. ज्ञानदेवांच्या दातात स्क्रू होता, तो त्यांनी काढला. "मोर्चात दिसला त्याचा गेटपास बंद होतो. मग कोण जाईल? पण आमच्या कॅन्टीनला कायमवाल्यांना दोन भाज्या आणि आमाला नुसती डाळ होती. तीन दिवस आमी चारशे जण ताट घेऊन बसलो आणि जेवलो न्हाई. घोषणा न्हाई, काही न्हाई. चौथ्या दिवशी सगळ्यांना एकच जेवण. ह्याला तुमच्यात काय म्हणतात ते मला ठाऊक न्हाई."

नियम मोडून श्रद्धाच म्हणाली, "पप्पा, हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं कुठं? त्या ऐंशीत मी न्हवतो."

घरच्या माणसाची मुलाखत घेतली तर पक्षपात होतो, म्हणून तिने त्यांना मुद्दाम वगळलं होतं. सर हसले. त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "वर या, ज्ञानदेवराव. श्रद्धा, नवा कागद घे. तुझे लोक गप्प नव्हते, तुझा प्रश्नांचा तक्ताच चुकीचा होता."

ज्ञानदेव संकोचून टेकले. मला घडवल्यापासून ते माझ्यापाशी बसले नव्हते. बोलता बोलता खुलले. कंपनीच्या बसमध्ये हे कसं ठरलं, कानोकानी कसं गेलं, सगळं सांगितलं. श्रद्धाने विचारलं, "पहिल्यांदा ताट कुणी बाजूला सारलं?"

"सगळ्यांनी एकदम," ते म्हणाले. "असं." आणि उजव्या तळव्याने त्यांनी समोरचा कप माझ्यावरून हळूच पुढे सरकवला.

पहिलं ताट त्याच हाताने सारलं होतं, मित्रांनो. मला ते कळलं, आणि श्रद्धालाही. तिचं पेन थांबलं. ती वडिलांकडे बघत राहिली. मग त्यांचा गेटपास आठवून, मान खाली घालून तिने लिहिलं: सगळ्यांनी एकदम.

त्यानंतर ती त्या ऐंशी जणांकडे नवे प्रश्न घेऊन पुन्हा गेली. प्रकरण परत आलं नाही. नोकरीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

आता माझे चारही पाय घट्ट आहेत. माझ्यावर गरम कप ठेवा, रेघोट्या मारा, मी सोसतो. एवढंच मागणं आहे. रोज तुमच्यासमोर बसून जेवणाऱ्या माणसाला एकदा विचारा, "आज काय झालं?" आणि त्याचं सांगून होईपर्यंत उठू नका.