शिळ्या पाण्याचा हेवा

मित्रांनो, मी लातूरच्या एका अंगणातला जुना कडुनिंब आहे. आमच्याकडे मला नुसतं लिंब म्हणतात. आधीच कबूल करतो, मी जळकुटा आहे.

कावळ्यानं टाकलेल्या निंबोळीतून मी उगवलो. मला कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. वर वीतभर दिसत होतो, तेव्हा खाली माझं मूळ हातभर गेलं होतं. आम्हा कोरड्या मुलखातल्या झाडांची रीतच ती, आधी खाली आणि मग वर. भर दुपारी पानांची बारीक छिद्रं मिटून घ्यायची आणि आतला ओलावा राखायचा. असा मी वाढलो.

त्र्याण्णव साली भूकंप झाला. घराला भेगा पडल्या. जगदेवीबाई, त्यांचे यजमान शिवमूर्ती आणि तान्ही लेक महिनाभर माझ्याखालीच राहिली. झोळी माझ्याच फांदीला होती. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "भिंती फाटल्या, पर लिंब ढळला न्हाई बगा. ह्यानंच सांभाळलं आमाला." ते ऐकून मी किती फुगायचो म्हणून सांगू!

पुढं लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. गावोगावच्या मुली डॉक्टर व्हायला येऊ लागल्या. शिवमूर्तींनी मागं पत्र्याच्या खोल्या काढल्या. पोरींना सावलीत वाचत बसता यावं म्हणून बाईंनी हौसेनं माझ्या खोडापर्यंत शहाबादी फरशी बसवली, सांधे सिमेंटनं बुजवून. मलाही तो थाट आवडला.

त्याच सुमारास तो आला, क्रोटन! रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला, लाल-पिवळ्या पानांचा. सावली म्हणाल तर मुंगीलाही पुरायची नाही, पण जागा मिळाली स्वयंपाकघराच्या पायरीवर. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी यायचा. नळ आला की आधी भरून ठेवलेलं पाणी शिळं ठरायचं. सहा मुली, सहा बादल्या. ते शिळं पाणी ओतायचे कुणाला? त्याला! मी चार पावलांवर उभा होतो, पण माझ्याकडे कुणी बघायचं नाही.

पाऊस पडला तरी पाणी फरशीवरून घसरून गटारीत जायचं. माझे शेंडे वाळू लागले. शिवमूर्ती म्हणाले, "लिंब गेला आता. पत्र्यावर पडला म्हंजे? पुढच्या आठवड्यात तोडून टाकू." आणि मी राग कुणावर काढला? क्रोटनवर. मर मेल्या, असं रोज मनात म्हणत होतो.

तो खरंच मरायला लागला. पानं पिवळी पडून गळू लागली. बाईंनी घाबरून आणखी पाणी घातलं. एका रविवारी खोलीतल्या पुनमनं, रेणापूरच्या पोरीनं, डबाच उलटा केला. आत नुसता चिखल, आंबूस वास आणि काळी, बुळबुळीत मुळं.

"काकू, डब्याला खाली भोकच न्हाई की! पाण्यानं मेलंय हे."

"पाण्यानं कुटं झाड मरतं व्हय गं?"

"मरतं की. मुळांना पन हवा लागती. मातीत पानीच पानी झाल्यावर हवा कुटून जाईल? गुदमरलं बिचारं."

बोलता बोलता ती माझ्याकडे वळली. फरशीवर टाच आपटून म्हणाली, "काकू, ह्याला तर आपन वरून झाकूनच टाकलंय. ना हवा, ना पानी."

जगदेवीबाई वाकून फरशीवर हात फिरवू लागल्या. "अगं बाई! मीच बसवली की गं ही फरशी, लई हौसेनं." मग तडक उठून पहार घेऊन आल्या.

"अगं, फरशी फुटंल!" शिवमूर्ती ओरडले.

"फुटू द्या. आन् तोडायचं नाव पुन्हा काढू नका."

माझ्या बुंध्याभोवती दोन हात माती मोकळी झाली. क्रोटनची माती बाईंनी वाळवून माझ्याच आळ्यात पसरली. पावसाळ्यात मला केसांसारखी नवी मुळं फुटली, ती आधी त्या मातीत शिरली. आता मी पुन्हा हिरवा आहे.

मित्रांनो, झाडावर माया करा, पण आधी मातीत बोट घालून बघा, त्याला काय हवंय ते. मी इतका जवळ असून बघितलं नाही. तो बुडत होता, आणि मी त्याच्या पाण्यावर जळत होतो.