केतिलचा हात उठेना

योरुनचं लग्न लावलं ते दोन घरांतलं वैर मिटावं म्हणून. तिच्या बापानं केतिलच्या काकाला मारलं होतं, केतिलच्या चुलतभावानं तिच्या थोरल्या भावाला, आणि सुरुवात झाली होती किनाऱ्याला लागलेल्या एका मेलेल्या देवमाशावरून. मासा कधीच कुजून गेला, माणसं मात्र मरत राहिली. शेवटी म्हातारे एकत्र बसले, प्यायले, गळ्यात पडून रडले आणि म्हणाले, पोरगी देऊन टाका. पोरीला विचारायचं कुणाला सुचलं नाही. लग्नात थोर देवाचा हातोडा तिच्या मांडीवर ठेवला, पुष्कळ पोरं होवोत म्हणून. मेला इतका जड होता, की पोरं राहिली बाजूला, मांडीच बधिर झाली.

नवरा, केतिल, होड्या बांधायचा. धिप्पाड गडी, अंगाला सदा डांबराचा वास, आणि बोलणं असं सावकाश की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत ताटलीतलं निवून जावं. योरुनला तो मुळीच पसंत नव्हता. तिला घरी जायचं होतं, बापाच्या कुरणात, आपल्या मेंढ्यांत.

पण जाणार कशी? उगाच उठून गेली तर तह मोडणार, आणि पहिलं मुंडकं उडणार ते धाकट्या भावाचं, ग्रिमचं. वाट एकच होती. नवऱ्यानं चारचौघांत बायकोच्या थोबाडीत मारली, तर बायकोला तिथल्या तिथे साक्षीदार बोलावून काडीमोड घेता येई. दोष नवऱ्याचा, स्त्रीधन बायकोचं, तह शाबूत. एक चपराक खाल्ली की सुटका!

मग काय, योरुननं कंबर कसली. पाहुण्यांदेखत केतिलच्या पेजेत ओंजळभर मीठ ओतलं. त्यानं वाडगा चाटूनपुसून खाल्ला आणि बादलीभर पाणी प्यायला. तिनं त्याच्या दाढीला बोकडाचं शेपूट म्हटलं. तो दाढी कुरवाळत म्हणाला, "बोकडाचं एवढं लांब नसतं गं." भर मेजवानीत ती ओरडली, "ह्याच्यापेक्षा आमची गाभण मेंढी बरी भांडते!" केतिल इतका हसला की नाकातून दारू आली. वर दुसऱ्या दिवशी होडीवरच्या गड्यांना तेच कौतुकानं सांगत होता, "बायकोचं तोंड बघा माझ्या! आहे कुणाकडे असं?"

आता अशा माणसाचं करायचं तरी काय? पालथ्या घड्यावर पाणी!

सासूबाई थोरगेर्द चुलीपाशी हे सगळं बघत होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "थोबाडीत खायला बघतेस ना? नको दमूस. मीही ह्याच्या बापाला सतावलं होतं. ह्या घरातल्या बाप्यांचा हात उठतच नाही, बाई. शेवटी कंटाळून पोरं काढली."

योरुननं ऐकलं नाही. उलट रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ती उद्यासाठी नवे टोमणे जुळवू लागली. एखादा फक्कड जमला की तो केतिलला कधी एकदा ऐकवते असं तिला होऊन जायचं. त्यात काही वावगं आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं ते केतिल नवी होडी पोचवायला उत्तरेला गेला तेव्हा. घर खायला उठलं. टोमणे घशाशी येत आणि ऐकायला कुणी नसे. गड्याला एक मारून पाहिला तर तो बिचारा रडला. डांबराच्या भांड्यावरून जाताना तिचे पाय रेंगाळायला लागले, तेव्हा तिनं स्वतःलाच शिवी घातली. "मेले, आवडायला लागलाय तो तुला! ह्या ठोंब्यावर जीव जडावा? जगात दुसरे पुरुष मेले होते?"

केतिल परतला तो हिवाळ्याच्या तोंडच्या सणाला. डुक्कर कापलं होतं, माजघर माणसांनी भरलं होतं. योरुनचा भाऊ ग्रिम माणसं घेऊन आला होता. सगळा कायदा तोंडपाठ असलेले ओझुरआजोबाही वरच्या बाकावर होते. योरुन दारूचं भांडं घेऊन नवऱ्यासमोर आली. त्या दिवशी तिला एकही टोमणा सुचत नव्हता.

केतिल उठला. खाली वाकून कुजबुजला, "तुला थोबाडीत का हवीय ते आईनं सांगितलं मला. मेलो असतो तरी मला कळलं नसतं. आधी बोलायचं नाही का गं? जा तू घरी." आणि त्यानं हात उगारला. बायकोवर हात टाकणाऱ्याला अख्खी खाडी जन्मभर हसते, हे त्याला ठाऊक होतं. डोळे त्यानं गच्च मिटून घेतले होते.

नुसतं उभं राहायचं होतं. वर्षभर हेच तर मागत होती ती!

योरुन झटकन खाली बसली. हात सुटला तो मागून दारूचं शिंग भरून घ्यायला आलेल्या ग्रिमच्या गालावर फाडकन बसला.

ग्रिमचा हात कुऱ्हाडीकडे गेला, त्याची माणसं उठली, तशी केतिलचीही उठली. योरुन उसळून उभी राहिली आणि तिनं केतिलच्या अशी एक सणसणीत ठेवून दिली की त्याची टोपी चुलीत पडली. "माझ्या घरच्यांना एक, ह्याच्या घरच्यांना एक! फिटंफाट! बसा खाली सगळे! ग्रिम, ठेव ती कुऱ्हाड, डुक्कर गार होतंय!"

सगळ्यांनी ओझुरआजोबांकडे पाहिलं. आजोबा घास गिळून म्हणाले, "तडाख्याला तडाखा. कायद्यानं बरोबर आहे." ग्रिम गाल चोळत खाली बसला. लोक हुश्श करतात न करतात तोच आजोबा पुढे बोलले, "पण बायकोनं चारचौघांत नवऱ्याला मारलं, तर नवऱ्यालाही काडीमोड मागता येतो. केतिल, मागायचा असेल तर आत्ता माग."

घर, कुरण, मेंढ्या, सगळं एका शब्दावर होतं, आणि तो शब्द ह्या माणसानं उच्चारू नये म्हणून योरुन मनातल्या मनात ओडिनपासून थोरपर्यंत सगळ्या देवांच्या पाया पडत होती.

केतिल आपल्या नेहमीच्या सावकाश चालीनं म्हणाला, "तू... खाली... का बसलीस?"

"कारण मला जायचं नाही!" योरुन रडतरडत ओरडली. "मला तुझ्याजवळ राहायचंय! कळलं का, ठोंब्या?"

केतिल मटकन बाकावर बसला. "परत म्हण."

"काय? ठोंब्या?"

"ते नाही गं. त्याच्या आधीचं."

योरुननं नाक पुसलं आणि दारापाशी बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते परत म्हटलं.