मिठाचं बंदर

"आधी ते गाणं बंद कर," मी म्हटलं. "साइट उघडल्या उघडल्या ॲकॉर्डियन? लग्न आहे का कुणाचं?"

रेजाँ लाशापेल हसला आणि गाणं बंद करायचं बटण शोधू लागला. स्वतःच्याच साइटवर ते त्याला सापडेना. शेवटी मीच लॅपटॉपचा आवाज बंद केला.

रोझमाँ वस्तीतल्या चर्चच्या तळघरात आम्ही बसलो होतो. त्या हिवाळ्यात शहरातल्या गेम स्टुडिओंनी माणसं काढायचा सपाटाच लावला होता. म्हणून आम्ही नोकरी शाबूत असलेल्या काही जणांनी शनिवारी दुपारी टेबलं मांडली होती. ज्यांची नोकरी गेली त्यांनी यायचं, आपल्या कामाची साइट आणि रेझ्युमे दाखवायचा, आम्ही वीस मिनिटांत काय चुकतंय ते सांगायचं. माझ्या टेबलावर पाटी होती : ओडील बेरुबे, प्रमुख लेव्हल डिझायनर. माझ्या तोंडाला फारसा लगाम नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी माझ्यापुढे रांग सगळ्यात लांब होती. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

त्यातच रेजाँ समोर येऊन बसला तेव्हा मात्र मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काय गं पोरी, ओळखलंस का?" तो म्हणाला. अकरा वर्षांनी भेटत होतो. केस सगळे पांढरे झालेले, अंगात तोच तपकिरी स्वेटर असावा असं वाटण्याइतका जुना स्वेटर, हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेला रेझ्युमे.

"ओळखलं. न ओळखून कसं चालेल? जिनेट कशी आहे?" मी त्याच्या बायकोची चौकशी केली.

"जिनेट गेली. चार वर्षं झाली."

"मला कळलंच नाही रे."

"कळवलं होतं. तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. गर्दीत राहिलं असेल." त्याने फोल्डर माझ्याकडे सरकवलं. "हे बघ आता, वीसच मिनिटं आहेत म्हणे."

मी कागद ओढून घेतले आणि ज्याच्यात मला गती आहे तेच करायला लागले, म्हणजे बोलायला. रेझ्युमे चार पानी होता. चार पानं कोण वाचतं? तिसऱ्या पानावर गावातल्या मुलांच्या हॉकीचा पंच म्हणून बारा वर्षं केलेलं काम होतं. मी त्याच्यावर काट मारली. फोटोवर काट मारली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या, आता कुठल्याच यंत्रावर न चालणाऱ्या गेमांवर काट मारली. तो प्रत्येक काटेला मान डोलवत होता, डॉक्टरने पथ्य सांगावं तसा.

"आणि हे काय? 'आम्ही गुहेची लेव्हल केली', 'आम्ही वाटा बदलल्या'. कोण आम्ही? चर्चमधलं गायकमंडळ आहे का? स्टुडिओला तुला घ्यायचंय, तुझ्या मित्रांना नाही. 'मी' लिही."

"एकट्याने कुठे काय केलंय गं मी."

"सगळेच तसं लिहितात, रेजाँ."

"हो, ते खरं," तो म्हणाला.

मग त्याने घड्याळाकडे बघत मूळ गोष्ट सांगितली. आठ महिने तो घरी बसून होता. नदीपलीकडे लाँगॉयला एक नवा स्टुडिओ निघालाय, तेरा माणसांचा. त्यांना सावकाश, विचार करून काम करणारा डिझायनर हवाय. अर्ज आज संध्याकाळी सहापर्यंतच घेणार होते. हे नाही झालं तर मेहुण्याने हार्डवेअरच्या दुकानात शब्द टाकून ठेवला होता, रंगाच्या विभागात.

"काम वाईट नाही ते. रंग मिसळायचं यंत्रसुद्धा आहे. पण काय आहे, दोन-तीन लेव्हल्स अजून डोक्यात आहेत गं. त्या काही रंगाच्या डब्यात उतरायच्या नाहीत."

मी त्याची साइट खाली खाली सरकवत गेले. पाच लेव्हल्स होत्या. व्यवस्थित होत्या, जुन्या होत्या, आणि त्यातली एकही अशी नव्हती की बघणाऱ्याने खुर्चीत पुढे सरकून बसावं. सहावी नव्हती. मिठाच्या बंदराची लेव्हल तिथे नव्हती आणि मला बरं वाटलं. हे सांगताना आजही लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

ती लेव्हल त्याची होती. चौदा महिने त्याने ती रचली. खेळणारा कुठून आत शिरेल, कुठे अडेल, कुठे जिवाच्या आकांताने पळेल आणि कुणाला न विचारता त्याला वाट कशी सुचेल, हे ठरवणं म्हणजे आमचं काम. मिठाच्या ढिगांमधून जाणाऱ्या त्या बंदरात रेजाँने ते असं जमवलं होतं की लोक आजही त्याच्यावर लेख लिहितात. मी तेव्हा नवी होते, त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. करड्या रंगाचे ठोकळे मांडून नुसता सांगाडा कसा उभा करायचा, भिंतींना रंगरूप यायच्या आधीच त्यातून चालून कसं बघायचं, हे मला त्याने शिकवलं. गेम बाजारात यायला चार महिने उरले असताना जिनेटला अर्धांगवायूचा झटका आला. रेजाँ नोकरी सोडून घरी गेला. त्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी उरलेल्या किरकोळ दुरुस्त्या केल्या. आमच्या स्टुडिओचा नियम असा होता की गेम निघताना जो नोकरीत नाही त्याचं नाव गेमच्या शेवटी दिसणाऱ्या नावांच्या यादीत येत नाही. रेजाँचं आलं नाही. माझं आलं.

पुढच्या वर्षी मी माझी साइट केली. मैत्रिणीला दाखवली. मी लिहिलं होतं, 'आम्ही रचलेली लेव्हल'. ती म्हणाली, 'आम्ही' कुणी वाचत नाही, 'मी' लिही. मी लिहिलं. त्याने केलेल्या सांगाड्याचे फोटोही खाली लावले, माझं काम म्हणून. त्या एका लेव्हलवर मला आत्ताची नोकरी मिळाली, पुढे बढती मिळाली आणि टेबलावरची ती पाटीही मिळाली. पहिली दोन-तीन वर्षं रात्री कधीतरी आठवायचं. मग आठवेनासं झालं. माणूस किती निगरगट्ट होतो बघा.

"बंदराची लेव्हल नाही ठेवलीस?" मी विचारलं. न विचारणं विचित्र दिसलं असतं म्हणून विचारलं.

"होती. गेल्या महिन्यात काढली." तो आपल्या हातांकडे बघत होता. "दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं. दोन्हीकडे म्हणाले, ही लेव्हल तर दुसऱ्या कुणाच्या साइटवर आहे. यादीत तुमचं नाव नाही. एक जण तर तरुण होता बिचारा, त्यालाच कसंतरी झालं. म्हणाला, साहेब, ह्या वयात असं करू नका."

मागे रांगेत चार-पाच मुलं उभी होती, ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? कोट घेतला आणि आलो." मग त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिला. "तुला काय वाटतं? काढली ते बरं केलं ना?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा.

"बरं केलंस," मी म्हटलं. "उगाच शंकेला जागा नको."

"हो ना," तो म्हणाला. त्याने लॅपटॉप मिटला, काट मारलेले कागद नीट जुळवून फोल्डरमध्ये घातले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "मोठी झालीस गं. छान वाटलं बघून. जातो मी, तुझी पोरं ताटकळलीत."

पुढची मुलगी येऊन बसली. तिने साइट उघडली. मी काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. तेवढ्यात दारावर नंबर वाटणारी सोलांज कॉफी घेऊन आली.

"भेटला का तुझा म्हातारा?" ती म्हणाली. "दोन तास बसला होता गं बाहेर. मी म्हटलं, तीन नंबरचं टेबल रिकामं आहे, जा. तर नाही म्हणे, ओडीलच हवी. घरचा आहे का कुणी?"

मी उठले. कोटाची एक बाही घातली, दुसरी तशीच लोंबत राहिली. सोलांज मागून ओरडली, "अगं, रांग आहे केवढी!" मी थांबले नाही.

बाहेर मार्चमधला तो ओला बर्फाचा राडा झाला होता. बूट घोट्यापर्यंत आत जात होते. रेजाँ बसथांब्यावर काचेच्या आडोशाला उभा राहून अंड्याचं सँडविच खात होता. मला बघून त्याने ते घाईने कागदात गुंडाळलं.

"रेजाँ, ती साइट माझी आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मुलाखतीतल्या त्या पोराने दाखवली मला. वर तुझा फोटो आहे. चांगला आलाय."

"मग आत बोलला का नाहीस? द्यायच्यास ना चार शिव्या!"

"शिव्या द्यायला नव्हतो आलो गं. विचारायला आलो होतो."

"काय विचारायला?"

तो अवघडला. माझ्यासमोर तो अवघडला.

"म्हटलं, ती लेव्हल मी माझ्या साइटवर ठेवली तर तुला चालेल का. दोघांनी केली असं लिहीन म्हटलं. म्हणजे तुला ऑफिसात काही अडचण नको यायला. पण तिथे मागे पोरं उभी, तुझ्या नावाची पाटी. तुझी शोभा झाली असती. म्हटलं, तू होऊन बोललीस तर बोलावं. नाही तर राहू दे."

स्वतःच्या कामासाठी तो माझी परवानगी मागायला आला होता, आणि त्यासाठी दोन तास थांबला होता. मी त्याला सांगितलं होतं, बरं केलंस. मला रडूही येईना. रडायचासुद्धा हक्क लागतो असं वाटलं.

"बस," मी म्हटलं. "लॅपटॉप काढ. पाच वाजून गेलेत."

आम्ही थांब्याच्या बाकावर बसलो. इंटरनेट माझ्या फोनचं घेतलं. आधी मी माझी साइट उघडली आणि बंदराच्या लेव्हलखाली लिहिलं : रचना रेजाँ लाशापेल यांची, शेवटच्या चार महिन्यांतली डागडुजी माझी. सांगाड्याचे फोटो काढून टाकले. इतकी वर्षं जे झालं नव्हतं त्याला तीन मिनिटंही लागली नाहीत. मग त्याच्या अर्जासोबत जोडायला चार ओळींचं पत्र लिहिलं आणि त्याला वाचायला दिलं.

"'खोटं लिहिलं होतं' कशाला?" तो म्हणाला. "'चूक झाली' लिही."

"खोटंच होतं, रेजाँ."

मी तो शब्द ठेवला.

मग त्याने लेव्हल परत साइटवर चढवली, सगळ्यात वर. चौकोन आखलेल्या कागदावर पेन्सिलने काढलेले मूळ नकाशे त्याच्याकडे अजून होते, तेही लावले. खाली तो दोन बोटांनी टाइप करू लागला. गोदामांची मांडणी मी केली. धक्क्यावरचा पाठलाग मी रचला. प्रत्येक 'मी'पाशी अडखळत होता. सहाला दहा मिनिटं होती. माझा जीव वरखाली होत होता, आणि तो आपला कानामात्रा बघत बसलेला.

शेवटची ओळ मी त्याच्या खांद्यावरून वाचली. 'मिठाच्या खाडीवरचा लाकडी पूल ओडील बेरुबे यांचा.'

"हे काढ."

"का?"

"काढ ना. पाया पडते तुझ्या."

"अगं, चाचणीला खेळणारे लोक तिथे मागे फिरायचे," तो म्हणाला. "चौदा महिने तो कोपरा मला सुटला नव्हता. तू तिथे पूल टाकलास आणि लोक पुढे जायला लागले. गेम निघाला तेव्हा मी घरी जिनेटच्या उशाशी बसून खेळलो, तेव्हा पाहिला. तिला म्हटलंसुद्धा, बघ गं, आमच्या पोरीने काय केलंय."

बस आली. दार उघडून ड्रायव्हर आमच्याकडे बघत थांबला. रेजाँने त्याला हातानेच पुढे जायची खूण केली, ती ओळ तशीच राहू दिली आणि अर्ज पाठवला.