‘ए शे’चं उत्तर

“ओमी म्हंजे काय?” दोधूनं ओट्यावरून विचारलं.

“पानी!” खाली बसलेली पाच-सहा पोरं एका सुरात म्हणाली.

“आनि पानी दिन्हं का काय म्हनतस?”

“ए शे!” एका पोरानं लगेच विचारलं, “काय शे?” बाकीच्यांनी हसत ताल धरला, “शेंगा शेतस! शेंगा शेतस!”

दोधूनं शेंगा वाटल्या. या हसण्यापाशी त्याचा धडा रोज अडायचा.

सारंगखेड्यात पाण्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही. तहानलेल्यानं प्यायचं, तांब्या खाली ठेवायचा, झालं. आणि ‘शे’ म्हणजे ‘आहे’, हे इथं पाळण्यातलं पोरही सांगेल. मग आफ्रिकेतल्या योरुबा बोलीत ‘ए शे’ म्हणजे ‘उपकार झाले’, हे पोरांच्या गळी उतरावं कसं? दोधूच्या तरी कुठं वेळेवर उतरलं होतं?

तो घोड्यांच्या यात्रेच्या गावचा माणूस, म्हणून दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेची खेचरं सांभाळायला गेला. ब्रह्मदेशात मांडीत लोखंड घुसलं आणि चितगावच्या इस्पितळात येऊन पडला. शेजारच्या खाटेवर त्याच फौजेतला आयिंदे नावाचा योरुबा शिपाई होता. दोधू लंगडत त्याला पाणी द्यायचा. पहिल्यांदा तो “ए शे” म्हणाला तेव्हा दोधू हरखलाच. इतक्या लांब आपली अहिराणी! “काय शे?” त्यानं विचारलं. आयिंदेला काही कळलं नाही, पण तो पोट धरून हसला. मग तो रोजचाच खेळ झाला. आयिंदेनं त्याला शंभरेक शब्द शिकवले. या एकाच शब्दाचा अर्थ विचारायचा राहिला, कारण तो दोधूला आपलाच वाटत होता.

एका सकाळी दोन घोट पिऊन आयिंदे “ए शे” पुटपुटला. दोधू सवयीनं “काय शे?” म्हणाला. आयिंदे हसला नाही. दुपारी त्याची खाट रिकामी झाली. त्याच्याच मुलुखाच्या एका शिपायानं मग मोडक्या हिंदीत सांगितलं, तो आभार मानत होता. त्यावर ‘को तोपे’ म्हणायचं असतं. म्हणजे, एवढं काय केलं मी?

दोधू घरी आला तर बायको प्लेगात गेलेली. त्याला आता एकच हवं होतं. कुणीतरी मनापासून ‘ए शे’ म्हणावं आणि आपण एकदा तरी नीट उत्तर द्यावं. म्हणून तर पोरांना शेंगा देऊन हा ओट्यावरचा धडा.

पण महिन्याभरात पोरं यायची थांबली. दोधूनं लढाईवरून मंतर आणलाय, असं शेजारच्या गजराबाईनं गल्लीभर केलं होतं. शेंगांची टोपली ओट्यावर तशीच राहू लागली.

आणि एका दुपारी गजराबाईच दारात उभी राहिली.

“दोधू, तीन दिन व्हयनात, मन्ही नात तापमा शे. पानी पाजं का ‘ए शे’ म्हनस. काय करी ठेवं तू पोरले?”

“मंतर नही, गजरामाय. ‘उपकार व्हयनात’, इतलंच शे ते.”

“पानीना उपकार?” ती आपल्या घराकडं वळली. “चाल. तूच पाज तिले.”

दोधूनं तिच्या नातीची, धनूची, मान हातावर घेतली. मिटल्या डोळ्यांनी ती दोन घोट प्यायली.

“ए शे,” ती म्हणाली. हसली नाही.

‘काय शे’ दोधूच्या ओठांवर आलंच होतं. ते त्यानं गिळलं.

“को तोपे,” तो म्हणाला.

धनूनं डोळे उघडले. “हाऊ शब्द आमले काबरं नही शिकाडा?”

“तो पेनाराना नही, बेटा. देनाराना शे.”

गजराबाईनं तोच तांब्या भरून त्याच्या हातात दिला. “ले, तू बी पे.” आणि ती नातीच्या कपाळावरची पट्टी बदलू लागली.

दोधू घटाघटा प्यायला. “ए शे,” तो म्हणाला.

“काय शे?” गजराबाईनं मागं न बघता विचारलं.

दोधूला हसू फुटलं, आयिंदेला फुटायचं तसंच. ते का फुटलं, हे ज्याला सांगावं असा माणूस आता कुठंच नव्हता.