सगळ्याच बातम्या आजच्या

माईंनी आयुष्यात नवऱ्याची एकही बातमी वाचली नव्हती. "बातमीदारच घरात जेवायला बसतोय, मग फोनमध्ये कशाला डोकं घालू?" असं त्या म्हणायच्या. ते मात्र गल्लीचं सगळं लिहायचे. कुणाकडे पाळणा हलला, कुठला पूल बंद झाला. इकडे त्यांनी लिहिलं की ज्यांनी ज्यांनी त्यांची फीड लावून घेतली होती, त्यांच्या फोनवर बातमी आपोआप हजर, दारात पेपर पडावा तशी.

ते जाऊन वर्ष होत आलं. आता त्यांचा जुना कॉम्प्युटर घरघरायला लागला होता, आणि सगळ्या बातम्या त्याच्याच पोटात. सून त्या बातम्या एका नव्या साइटवर हलवायला बसली, तशा माई नखं कुरतडत तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

"सांभाळून गं. माणूस गेलं, निदान शब्द तरी राहू देत."

"राहतील हो आई, तुम्ही तेवढं माझ्या मानेवर श्वास सोडू नका."

कालच माईंनी ती फीड पहिल्यांदा स्वतःच्या फोनवर लावून घेतली होती. सुनेनं बटण दाबलं. काहीच नाही. मग माईंचा फोन टुणकन वाजला, पुन्हा वाजला, आणि थांबेचना. समोरच्या न्हाव्याचा, वरच्या शिंपिणीचा, बघता बघता अख्खी गल्ली टुणटुणायला लागली.

न्हावी वस्तरा घेऊनच धावत आला. "माई, पूल खचला?"

"अरे, नवा बांधूनही झाला! काल त्याच्यावरूनच आलास ना?"

सुनेनं कपाळाला हात लावला. "जागा बदलली ना, फोनांना वाटतंय सगळं आत्ताच लिहिलंय."

"पण आलं का सगळं?"

"एकूणएक."

माई फोन घेऊन खुर्चीत बसल्या. तळहातावर वर्षांमागून वर्षं उतरत होती, आणि प्रत्येकावर तारीख आजची. सगळ्यांत शेवटी आली नवऱ्याची पहिली बातमी: 'आज गल्लीत काहीही घडलं नाही. सगळे सुखरूप घरी पोचले. बायको विचारते, ही काय बातमी झाली?'

"झाली हो, झाली," माई फोनलाच म्हणाल्या.

"सगळ्यांना माफीचा निरोप पाठवू का?" सुनेनं भीतभीत विचारलं.

"थांब जरा." माई डोळे पुसत चपला शोधायला लागल्या. "बेकरीवालीला मुलगी झालीय. आधी बघून तर येऊ दे."

बेकरीच्या दारात दोन वेण्यांची ती मुलगी आईचा फोन दोन्ही हातांत धरून, श्वास रोखून वाचत होती: "आज पहाटे... बाळ-बाळंतीण खुशाल."